बुद्धीची तालीम

शिक्षणानें माणूस सुधारतो हा विश्वास ज्या घरांत नाहीं असें घर सुशिक्षित समाजांत सांपडणें कठीण. मूल गणितांत मागें पडूं लागलें कीं आईबाप शिकवणी लावतात, अक्षर बिघडलें कीं कित्ता गिरवावयास देतात, आणि अंगांत ताकद नसली कीं तालमींत पाठवितात. यांत गैर कांहींच नाहीं. किंबहुना या विश्वासावांचून शाळा आणि संसार हीं दोन्ही ओस पडतील. परंतु ज्या मुलाची बुद्धि देहाच्या बीजांतच असलेल्या एका फरकामुळें जन्मतः मर्यादित झाली आहे, त्याच्या बाबतींत हा विश्वास कोठपर्यंत न्यावा आणि कोठें आवरावा? अलीकडे संगणकावरील खेळांच्या द्वारें अशा मुलांच्या स्मृतीस व अवधानास तालीम देण्याची पद्धत निघाली असून तिच्यावर शास्त्रीय प्रयोगही झाले आहेत. त्या निमित्तानें या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचाही आहे, आणि नीतीच्या प्रश्नाचा विचार करणें हें प्रत्येक गृहस्थाचें व गृहिणीचें कामच आहे.

विचार नेमका व्हावा म्हणून एकच विकार डोळ्यांपुढें घेऊं. फ्रॅजाइल एक्स या नांवानें ओळखला जाणारा हा विकार आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेच्या कारणांत सर्वांत अधिक आढळणारा आहे. साधारणपणें चार ते सात हजार मुलग्यांत एकास तो असतो, आणि मुलींत त्याचें प्रमाण व परिणाम दोन्ही बहुधा कमी असतात. १९४३ सालीं इंग्लंडमध्यें मार्टिन आणि ज्यूलिया बेल या दोघांनीं एका कुटुंबाच्या वंशावळीवरून असें दाखविलें कीं, त्या घरांतील पुरुषांत दिसणारी बुद्धीची उणीव एक्स गुणसूत्राच्या वाटेनें उतरत आलेली आहे. त्याचें जनुक मात्र १९९१ सालीं सांपडलें. त्या जनुकांत तीन अक्षरांचा एक तुकडा सामान्य माणसांत तीसेक वेळां लागोपाठ लिहिलेला असतो; तो २०० हून अधिक वेळां लिहिला गेला म्हणजे जनुक मुकें होतें, आणि मेंदूंतील पेशींचे परस्परसंबंध नीट जुळण्यास लागणारें एक प्रथिन तयार होत नाहीं. हा तुकडा ५५ ते २०० वेळां असलेली स्त्री स्वतः बुद्धीनें बहुधा इतर चारचौघींसारखीच असते. आपण कांहीं वाहत आहों याची तिला कल्पनाही नसते, आणि पुष्कळदां तो वारसा तिला तिच्या धडधाकट वडिलांकडून आलेला असतो. मुलाच्या प्रत्येक व्यंगाचा दोष आईच्या पदरांत टाकण्याची खोड ज्या समाजांत अजून गेलेली नाहीं, त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. येथें पाप कोणाचेंच नाहीं. लिहितांना एक ओळ फार वेळां उतरली गेली, एवढेंच झालें आहे.

अशीं मुलें नजरेला नजर देण्यास लाजतात, गलबल्यानें घाबरतात, आणि एकाच वेळीं तीन गोष्टी सांगितल्या तर त्यांतील दोन त्यांच्या हातून निसटतात. मानसशास्त्रज्ञ जिला कार्यकारी स्मृति म्हणतात ती येथें दुबळी असते. ही स्मृति म्हणजे काय, हें एका घरगुती उदाहरणानें कळेल. "वरच्या फळीवरचा डबा काढ, त्यांतून वाटीभर डाळ घे, आणि धुऊन ठेव" असें सांगितलें असतां, पहिलें काम करतांना पुढचीं दोन मनांत धरून ठेवणारी जी शक्ति, ती कार्यकारी स्मृति होय. तिच्यावांचून हातचा धरून बेरीज होत नाहीं आणि सांगितलेला निरोप पोंचत नाहीं. उलट, ज्या गोष्टींत मन रमतें त्या या मुलांच्या ध्यानांत दीर्घकाळ राहतात, दुसऱ्याचें पाहून तीं पुष्कळ शिकतात, आणि त्यांच्या ठिकाणीं विनोदाची आवडही असते. पौगंडावस्थेंत प्रवेश करतांना बरोबरीचीं मुलें भराभर पुढें जातात, अंतर वाढतें, आणि आईबापांस पहिल्यानेंच स्पष्टपणें प्रश्न पडतो कीं, आमच्या मागें याचें काय होईल?

औषधांनीं हा विकार हटेल अशी आशा कांहीं काळ मोठी होती. मेंदूंतील जी क्रिया या विकारांत अतिरेकास जाते असें उंदरांवरील प्रयोगांत दिसलें होतें, तिला लगाम घालणारीं औषधें तयार झालीं. पण उंदरांस जें मानवलें तें किशोरांस व प्रौढांस मानवलें नाहीं, आणि २०१४ सालीं नोव्हार्टिस कंपनीनें आपल्या मॅव्होग्ल्युरँट या औषधाचा या विकारावरील उद्योग बंद केला. औषधाचें दार असें लागल्यावर आईबापांची दृष्टि तालमीकडे वळावी हें स्वाभाविकच होतें.

ही तालीम अशी : पडद्यावर जत्रेंतल्यासारखीं चित्रें दिसतात, त्यांतील कांहीं एकामागून एक उजळतात, ज्या क्रमानें तीं उजळलीं त्याच क्रमानें मुलानें त्यांस बोट लावावयाचें. दोन जमलीं तर तीन येतात, तीन जमलीं तर चार. चुकलें तर पुन्हां संख्या उतरते. म्हणजे यंत्र मुलाच्या शक्तीच्या अगदीं कडेवर त्याला उभें ठेवतें, जसा वस्ताद नव्या पोराला रोज पांचच जोर अधिक काढावयास लावतो. स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेंतील टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या संशोधनांतून निघालेली कॉगमेड नांवाची पद्धति या प्रकारची आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या माइंड इन्स्टिट्यूटमध्यें डेव्हिड हेसल व त्यांचे सहकारी यांनीं फ्रॅजाइल एक्स असलेल्या ८ ते १८ वर्षांच्या १०० मुलामुलींवर या पद्धतीचा प्रयोग करून २०१९ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें मुलांचे दोन गट पाडले. एका गटाला चढत जाणारा खरा खेळ दिला. दुसऱ्याला दिसावयास तोच, परंतु सोप्या पायरीवरच राहणारा खेळ दिला. दोन्ही गटांनीं पांच-सहा आठवड्यांत घरींच, आईबापांच्या देखरेखीखालीं, वीस ते पंचवीस बैठका केल्या. पुढें मोजमाप झालें तेव्हां खरा खेळ खेळलेल्या मुलांची कार्यकारी स्मृति सुधारलेली दिसली. त्यांचें चित्त पूर्वीइतकें विचलित होईना. आईबाप व शिक्षक यांनींही तसें सांगितलें. आणि तीन महिन्यांनीं पाहतां ही सुधारणा बव्हंशीं टिकून होती. आनंदानें पेढे वांटावे असाच हा निकाल! परंतु सोपा खेळ खेळलेल्या मुलांतही तितकीच सुधारणा दिसली. ज्या चढत्या पायऱ्यांवर सारी भिस्त, त्यांचा म्हणून वेगळा गुण दिसून आला नाहीं.

या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. दुसरा गट नसता तर काय झालें असतें? शंभर घरांतून एकच बातमी निघाली असती कीं तालीम लागू पडली; आणि तें सांगणारीं आईबापें खोटें बोलत नसतीं. त्यांनीं सुधारणा पाहिलीच होती. मग ती आली कोठून? तीच परीक्षा पुन्हां दिल्यानें सराव झाला असेल. आशेनें पाहणाऱ्या डोळ्यांस थोडें अधिक दिसलें असेल. सोप्या खेळांतही या मुलांस पुरेसा व्यायाम मिळाला असेल. अथवा रोज ठरल्या वेळीं एक वडील माणूस शेजारीं बसून "शाबास, आणखी एकदां" असें म्हणत राहिलें, त्याचाही हा गुण असेल. यांतील कोणतें कारण किती, हें हा प्रयोग सांगत नाहीं. एवढें मात्र तो सांगतो कीं, जें डोळ्यांस दिसलें तेवढ्यावरून त्याचें कारण सांगतां येत नाहीं.

वस्तुतः हा प्रश्न जुना आहे. मन हें दंडाच्या स्नायूसारखें असून एका जागीं कमावलेली शक्ति तें सर्वत्र वापरतें, अशी आपली सर्वांची समजूत असते. पावकी-निमकी तोंडपाठ करवितांना आपल्या पूर्वजांची थोडीबहुत हीच समजूत असावी. १९०१ सालीं अमेरिकेंत थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनीं ही समजूत तपासून पाहिली, तेव्हां त्यांस असें आढळलें कीं, एका कामांत मिळविलेलें कौशल्य दुसऱ्या कामांत उतरतें तें त्या दोहोंत जेवढा समान अंश असेल तेवढ्याच मानानें. सहस्रावधि ऋचा घनपाठानें म्हणणारा वैदिक आपली छत्री कोठें विसरला हें तुम्हां-आम्हांइतकेंच विसरतो, हा अनुभव कोणासही नवा नाहीं. पडद्यावरचीं चित्रें ध्यानांत ठेवण्याचा सराव केला म्हणजे पडद्यावरचीं चित्रें अधिक ध्यानांत राहतात. तेथून डाळीच्या डब्यापर्यंतचा रस्ता मात्र आपोआप तयार होत नाहीं. हें माहीत असतांही उलट सांगून माल खपविणारे निघालेच. निरोगी माणसांसाठीं असले खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटीच्या कंपनीस २०१६ सालीं अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाशीं तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. कारण शाळेंत व कामांत प्रगति होते, म्हातारपणची विस्मृति लांबते, अशा तिच्या जाहिरातींस पुरेसा आधार नव्हता.

आतां कोणी म्हणेल, "गुण नसेल, पण अपाय तर नाहीं! मूल खेळेल, आईबापांस समाधान वाटेल. तुमचें बिघडतें कोठें?" हा आक्षेप वाटतो तितका दुबळा नाहीं. ज्या घरांत वर्षानुवर्षें वाईट बातमीच येते, तेथें थोडी आशा ही चैन नसून अन्नासारखी गरज असते. ती हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? तरीही आमच्या मतें तीन गोष्टींचा हिशेब मांडल्यावांचून हा आक्षेप मान्य करतां येत नाहीं.

पहिली गोष्ट सत्याची. स्वतःहून मनांत उगवलेली आशा आणि दुसऱ्यानें पैसे घेऊन विकलेली आशा या एक नव्हेत. पहिलीबद्दल कोणीही कोणास जाब विचारूं नये. दुसरीबद्दल विकणाऱ्यास जाब विचारलाच पाहिजे, आणि गिऱ्हाईक जितकें गरजू तितका तो अधिक कडकपणें विचारला पाहिजे. डेव्हिसच्या संशोधकांनीं प्रतिकूल निकाल न दडवितां छापला, हें आम्हांस या सर्व प्रकरणांतील मोठें नीतिकृत्य वाटतें. अर्ध्या मुलांस सोपा खेळ देणें हें त्या मुलांस वंचित करणें नव्हे काय, असा प्रश्न मनांत येतो. पण खरें-खोटें ठरविण्याचा तोच मार्ग होता, आणि तो न पत्करतां शंभर घरांस व त्यांच्यामागून येणाऱ्या हजारों घरांस अंधारांत ठेवणें ही मोठी वंचना झाली असती.

दुसरी गोष्ट वेळेची. पंचवीस बैठका म्हणजे कांहीं आयुष्य नव्हे, हें खरें. परंतु ज्या घरांत एक तालीम शिरते तेथें दुसरी व तिसरीही शिरते. सकाळीं हा खेळ, दुपारीं तो वर्ग, सायंकाळीं आणखी कोणाचा उपचार. आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा दिवस म्हणजे दुरुस्तीस टाकलेल्या घड्याळाचा दिवस होतो. त्याच वयांत त्याला बसचा क्रमांक ओळखून चढणें, दुकानांत शंभराची नोट देऊन उरलेले पैसे मोजून घेणें, भाजी चिरणें, परक्याशीं दोन शब्द बोलणें हेंही शिकावयाचें असतें. थॉर्नडाइकचा सिद्धांत खरा असेल तर डाळीच्या डब्याची तालीम डाळीच्या डब्यावरच उत्तम होईल. तीन कामें एकदम ध्यानांत राहत नसतील तर तीं तीन चित्रांनीं भिंतीवर लावून दाखवितां येतील. स्मृति वाढली नाहीं तरी काम होईल, आणि काम झालें कीं मान मिळेल. मुलाला जगाजोगें करण्याच्या भरांत जगाला थोडें मुलाजोगें करण्याचें राहून जातें, आणि हें दुसरें काम पुष्कळदां अधिक सोपें असतें.

तिसरी गोष्ट मुलाच्या इच्छेची. लहान मुलाला औषध पाजतांना आपण त्याची अनुमति मागत नाहीं. पण सतराव्या वर्षीं तो लहान राहिलेला नसतो, बुद्धीची मोजपट्टी कांहींही सांगो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारांत, दिव्यांग मुलांस आपणांसंबंधीच्या सर्व बाबतींत आपलें मत मांडण्याचा हक्क आहे असें स्पष्ट म्हटलें आहे. आपल्या देशानेंही २००७ सालीं तो करार मान्य केला. आणि मत काय फक्त शब्दांनींच मांडतां येतें? जो मुलगा संगणक पाहतांच उठून जातो त्यानेंही आपलें मत मांडलेलेंच असतें. खेळ त्याला आवडत असेल तर तो आवडतो म्हणून खेळूं द्यावा. इतर मुलें खेळतात तीं कोणत्या गुणासाठीं खेळतात? मात्र "हें केलेंस म्हणजे तूं बरा होशील" असें त्याला सांगूं नये. कारण त्या वाक्याचा दुसरा अर्थ त्याला कळतो : आज तूं आहेस तसा आम्हांस पुरेसा नाहींस.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, प्रयत्नच सोडावा असें आम्ही सुचवितों. "प्रारब्ध" म्हणून हात जोडून बसण्याचें पाप आपल्या समाजानें पुष्कळ केलें आहे. हीं मुलें शिकूं शकत नाहींत असें ठरवून त्यांस मागच्या खोलींत ठेवण्याची चाल फार जुनी नाहीं. १९४४ सालीं मुंबईंत एका दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं जी शाळा सुरू केली, आणि जी आज जय वकील या नांवानें प्रसिद्ध आहे, ती त्या निराशेला दिलेलें उत्तरच होतें. खोटी आशा जशी असत्य तशी खोटी निराशाही असत्य. शिक्षण द्यावयाचें कीं नाहीं हा प्रश्नच नाहीं. कशाचें द्यावयाचें, कोणाच्या मापानें मोजावयाचें, आणि मोजमाप कमी भरलें असतां मुलाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावयाचें, हा आहे.

या बाबतींत एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. १८०० सालीं फ्रान्सच्या आव्हेराँ प्रांतांतील रानांतून बाहेर आलेला एक मुलगा पॅरिस येथील मुक्या-बहिऱ्यांच्या संस्थेंत आणण्यांत आला. तो सुधारणार नाहीं असें पिनेलसारख्या थोर वैद्यानें सांगितलें असतांही ईटार या तरुण डॉक्टरानें सुमारें पांच वर्षें त्याच्यावर अपार मेहनत केली. त्यानें रचलेली इंद्रियांची तालीम पुढें सेगँ व त्याच्यामागून मॉन्टेसरीबाई यांच्या हातीं आली, आणि ताराबाई मोडकांच्या द्वारें ती मराठी बालवाडींतही पोंचली. आजचे संगणकाचे खेळ म्हणजे त्याच वंशाचें एक दूरचें नातवंड होय. मुलगा कांहीं शब्द वाचूं लागला, परंतु बोलूं लागला नाहीं. ईटारच्या दृष्टीनें मुख्य परीक्षेंत तो नापास झाला, आणि हें त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. पण त्याच वृत्तांतांत आणखी एक गोष्ट आहे. मुलाची देखभाल करणाऱ्या मादाम गेराँ यांच्याकडे जेवणाचें टेबल मांडण्याचें काम त्याच्याकडे असे. त्यांचा नवरा आजारी पडून वारला, तरी मुलानें नेहमींप्रमाणें त्याचें पान मांडलें. तें पाहून बाईंस रडूं कोसळलें. आपल्या हातून कांहीं दुःखाचें घडलें हें त्या मुलानें ओळखलें, पान उचलून खिन्नपणें कपाटांत ठेविलें, आणि पुन्हां कधीं मांडलें नाहीं. पुढें १८२८ सालीं मरेपर्यंत तो त्याच बाईंच्या आश्रयास राहिला.

पान मांडणें हें त्याचें काम होतें, आणि तें उचलून ठेवण्याइतकें त्याला दुसऱ्याचें मन कळत होतें. ही गोष्ट ईटारच्या तक्त्यांत बसणारी नव्हती. तरी ती त्याला दिसली व त्यानें ती लिहिली, याबद्दल आपण त्याचे ऋणी असावें. आज जीं आईबापें संध्याकाळीं मुलाशेजारीं बसून पडद्यावरचीं चित्रें मोजतात, त्यांचा वेळ वायां जातो असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांनीं आंकड्यांची वही खुशाल ठेवावी. मात्र तिच्यांतील आंकडा चढला नाहीं तर खुर्ची मागें सारून उठूं नये. संगणक बंद करून मुलाला पानें मांडावयास हांक मारावी, आणि तो तें कसें करतो हेंही पाहावें.